बार्टिनी

१

दुपारी तीन वाजले की नीलम्मा पंखा बंद करायची. सोलापुरात, एप्रिल महिन्यात, भर दुपारी. शेजारच्यांना हे समजलं तेव्हा म्हातारीचं डोकं उन्हानं फिरलं असं गल्लीत ठरून गेलं, आणि ते खोडून काढायचे कष्ट तिने घेतले नाहीत. पंख्याच्या रेग्युलेटरची खरखर रेडिओत शिरते आणि त्या खरखरीत लांबचं स्टेशन बुडून जातं. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याच्याशी बोलून तोंड कशाला दुखवायचं, हा तिचा जन्माचा स्वभाव.

चौथीतून शाळा सुटलेली बाई. पण नवरा, सिद्रामप्पा, पोलीस वायरलेसमध्ये होते आणि घरी त्यांचा हौशी रेडिओचा सेट होता. भाकरी थापता थापता मोर्सचे ठिपके आणि रेघा तिच्या कानात जाऊन बसल्या. नवरा ड्युटीवर गेला की ती सेट लावून ऐकायची आणि वहीत उतरवून काढायची. पंचावन्नाव्या वर्षी तिने हॅम रेडिओची परीक्षा दिली, पहिल्याच दमात पास झाली, आणि स्वतःच्या नावाचा परवाना भिंतीवर टांगला, नवऱ्याच्या परवान्यापेक्षा वीतभर वर. ते म्हणाले, जरा खाली घे की. ती म्हणाली, खिळा तिथंच बसलाय.

आता तिला बाहत्तरावं चालू होतं. गेल्या मे महिन्यात सिद्रामप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना लोखंडी जिन्यानं वर आणलं, ते अकरा महिन्यांत पुन्हा खाली उतरले नव्हते. खालचा मजला सुताच्या गोदामाला दिलेला. वर हे दोघं आणि सून दानेश्वरी. मुलगा पुण्याला नोकरीत, सून इथं शाळेत शिकवायला.

पन्नास वर्षं ज्या हातानं मोर्सची किल्ली वाजवली तो हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडून असायचा. नीलम्माला ते बघवायचं नाही. मोहोळच्या मल्लिनाथनं तेव्हा तिला फोनवर एक वाट दाखवली. तो चाळिशीचा गडी, मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं त्याचं, आणि हॅमचा परवानाही. म्हणाला, काकू, मोर्स सोडा, डिजिटल लावा. एफटी-एट म्हणून प्रकार आहे. काँप्युटरच बोलतो, काँप्युटरच ऐकतो, आपण नुसतं बटन दाबायचं. काकांचा डावा हात आहे की अजून.

आधी तिने त्याला झाडलं. यंत्रानं यंत्राशी बोलायचं तर माणसानं काय शेंगा सोलत बसायचं, असं विचारलं. मग फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागली.

२

तीन आठवडे गेले. इंग्रजी माहितीपुस्तिका तिने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढली. रेडिओ आणि लॅपटॉप जोडायची केबल विकत न आणता स्वतः सोल्डर करून बनवली, दोनदा बोट भाजून घेतलं. काँप्युटरचं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर लागतं, कारण या सगळ्या प्रकाराचा जीव घड्याळात असतो. पंधरा सेकंद एकानं बोलायचं, पुढचे पंधरा सेकंद गप्प बसून ऐकायचं. आपली पाळी, समोरच्याची पाळी. निरोप केवढा, तर तेरा अक्षरांचा. आणि उत्तर आलं नाही तर पुढचं वाक्य जातच नाही. तेच ते वाक्य दर अर्ध्या मिनिटानं पुन्हा जात राहतं, समोरचा उत्तर देईपर्यंत.

तिला हे आवडलं. माणसंही अशी पाळीनं बोलली असती तर निम्मी भांडणं झाली नसती, असं ती दानेश्वरीला म्हणाली.

रोज तीनला ती सिद्रामप्पांची खुर्ची ढकलत रेडिओच्या खोलीत आणायची, पंखा बंद करायची आणि दोघं घामाघूम होऊन पडद्याकडे बघत बसायची. निळ्या पडद्यावरून पिवळ्या रेषा खाली ओघळायच्या, प्रत्येक रेष म्हणजे कुठलंतरी स्टेशन, आणि पंधरा सेकंद संपले की शेजारच्या चौकटीत त्यांची अक्षरं उमटायची. रशिया, जपान, कुवेत. सिद्रामप्पा बघायचे, पण डावा हात माउसवर ठेवला तरी बोट हलायचं नाही.

बाराव्या दिवशी, सगळ्या कॉलसाइनच्या, म्हणजे परवान्यावरच्या सांकेतिक नावांच्या गर्दीत, एक ओळ आली.

BARTINI JN61

जोर अगदी कमी, उणे एकोणीस. तिने नकाशा काढला. JN61 हा पृथ्वीवरचा एक चौकोन, त्यात रोम शहर येतं. म्हणजे इटलीतला कुणीतरी बार्टिनी. नाव दिलं, गाव दिलं, पण कॉलसाइन दिलेला नाही, आणि कॉलसाइन न देता बोलणं हा नियमभंग. तिने तोंडातल्या तोंडात त्याला चार शब्द सुनावले.

अर्ध्या मिनिटानं तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा.

आणि तिच्या पाठीमागून आवाज आला, "बर्री."

नीलम्मा गर्रकन वळली. घरात ते कानडीच बोलत. बर्री म्हणजे या. अकरा महिन्यांनी नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटला होता आणि तो तिला बोलावत होता. ती दोन हातांवर तर बसली होती, तरी "आले, आले" म्हणत धडपडत उठली आणि त्यांचा हात हातात घेतला. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते पडद्याकडे बघत होते.

संध्याकाळी दानेश्वरी रडली, मग हसली, मग तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जन्मभर जिभेला सवय झालेले शब्द आधी परत येतात. ये, बस, जेव, असले.

नीलम्माला हे पटलं. फक्त एक गोष्ट गळ्यात काट्यासारखी अडकून राहिली. पन्नास वर्षांत सिद्रामप्पांनी तिला कधी बर्री म्हटलं नव्हतं. तिला ते बा म्हणायचे, ये. बर्री हे मानाचं बोलणं, दारात आलेल्या परक्या माणसासाठी.

आजारपणात माणूस बायकोला मान देऊ लागला तर त्यात वाईट काय, असं तिने स्वतःला सांगितलं आणि दिवा मालवला.

३

दुसऱ्या दिवशी बार्टिनी आला तेव्हा त्याचा चौकोन बदललेला होता. ग्रीस. नीलम्मानं ठरवलं की हा जहाजावरचा माणूस आहे. जहाजावरचे असतात असे, आज इथं तर उद्या तिथं. सिद्रामप्पा म्हणाले, "बर्री," आणि ती हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ गेली.

तिसऱ्या दिवशी मस्कत. ग्रीसहून मस्कतला एका दिवसात जहाज कसं पोचेल? मग विमानात असेल. विमानात रेडिओ लावू देतात का? ते मल्लिनाथला विचारायला पाहिजे. तोही हसून म्हणाला, इटालियनच असणार काकू, असतात असले हौशी, तुम्ही डायरीत लिहून ठेवा. तिने लिहून ठेवलं. तारीख, वेळ, चौकोन, जोर. जोर रोज वाढत होता. उणे चौदा, उणे नऊ.

लिहिता लिहिता तिच्या ध्यानात आलं ते असं. बार्टिनीची ओळ दर अर्ध्या मिनिटानं यायची, आणि सिद्रामप्पा बर्री म्हणाले की त्या दिवसापुरती यायची थांबायची. पुढच्या दिवशी पुढचा चौकोन.

ती तर्काची बाई. योगायोग तीनदा झाला म्हणून तिने त्याला देव केला नाही की भूत केलं नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, तिने सिद्रामप्पांना पलीकडच्या खोलीत दानेश्वरीजवळ ठेवलं आणि एकटी सेटपुढे बसली. बार्टिनी आला. आता अरबी समुद्रातून, जिथं नकाशात निळ्याशिवाय काही नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा तेच. पन्नास मिनिटं ती बसून होती. शंभर वेळा तीच ओळ, अक्षराचा फरक नाही, जोराचा फरक नाही. कुणीतरी दारात उभं राहून न चिडता, न कंटाळता कडी वाजवत राहावं तसं.

मग तिने खुर्ची आत आणली. सिद्रामप्पांनी पडद्याकडे पाहिलं. "बर्री," ते म्हणाले. ओळ थांबली.

तिने आपल्या सेटचं बोलायचं बटन दाबलेलं नव्हतं. मायक्रोफोन तर ड्रॉवरमध्ये होता. इथून काहीही बाहेर गेलेलं नव्हतं. ती पुष्कळ वेळ त्या केबलकडे बघत बसली, आपणच सोल्डर केलेल्या, आणि आपल्या हातून कुठं चूक झाली असेल ते शोधत राहिली. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

तरी सेट बंद करायचा विचार तिने केला नाही. तो शब्द त्या वेळेलाच येत होता, एरवी येत नव्हता. घरातल्या माणसाचं तोंड अकरा महिने बंद असणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलं नाही त्याने तिला नावं ठेवू नयेत.

४

मंगळवारी बार्टिनीचा चौकोन होता MK77.

हा तिला नकाशात बघावा लागला नाही. तिच्या स्वतःच्या परवान्याशेजारी कागदावर तोच लिहून चिकटवलेला होता. साताऱ्यापासून सोलापूरपर्यंतचा सगळा मुलूख या एका चौकोनात बसतो.

सिद्रामप्पांना डुलकी लागली होती, मान छातीवर पडलेली. ओळ येत होती, जात होती. नीलम्मानं मल्लिनाथला फोन लावला. त्याच्या दुकानात ग्राइंडर चालू होता, त्याला काही ऐकू जाईना. ती म्हणाली, अरे आपल्याच चौकोनात आलाय तो, तुला पकडतोय का बघ. तो म्हणाला, कोण काकू? ती म्हणाली, तोच, बार्टिनी. तो म्हणाला, काय? ग्राइंडर आणखी चढला. ती वैतागून एकेक अक्षर मोठ्यानं, तोडून बोलली.

"बर. ती. नि."

"हां काकू, बर्री, बर्री," मल्लिनाथ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

नीलम्मानं फोन खाली ठेवला.

त्याला वाटलं होतं ती निघाली. बोलणं संपलं, काकूंनी निरोप घेतला, आपण निरोप दिला. कारण कुठल्याही कानडी घरात उंबऱ्याबाहेर पडणारा माणूस जातो असं म्हणत नाही. मराठी माणूस येतो म्हणतो, कानडी माणूस बर्तीनि म्हणतो. अर्थ एकच. आणि आतला माणूस, हातात काही का काम असेना, वर न बघता म्हणतो, बर्री. जाणारं धाकटं असेल तर नुसतं बा. सिद्रामप्पा ड्युटीवर निघताना चौतीस वर्षं जिन्यावरून बर्तीनि म्हणाले होते आणि चौतीस वर्षं ती चुलीपुढून बर्री म्हणाली होती. तो शब्द म्हणायला डोकं लागत नाही. जीभच म्हणते.

ती सावकाश पडद्याकडे वळली. सात इंग्रजी अक्षरं. बार्टिनी नावाचा इटालियन तिनेच जन्माला घातला होता, शहाणपणानं, नकाशा बघून. तिथं नाव लिहिलेलंच नव्हतं. येतो, एवढंच लिहिलं होतं. जाणाऱ्याचं येतो नव्हे. येणाऱ्याचं.

आणि नवरा तिला एकदाही बोलावत नव्हता.

पडद्यावरची ओळ थांबलेली होती. सिद्रामप्पा झोपेत होते. त्यांनी आज तोंड उघडलं नव्हतं.

५

बुधवारी ओळ लांब आली.

BARTINI MK77TT

चौकोनाचे पुढे बारीक चौकोन करतात, गावाएवढे, त्याची ही शेवटची दोन अक्षरं. नीलम्मानं नकाशा काढला. बोट मोहोळवर जाऊन थांबलं. मल्लिनाथचं दुकान, हमरस्त्याला लागून.

मग तिला दुसरं काहीतरी खटकलं आणि ती अक्षरं मोजू लागली. मधली मोकळी जागासुद्धा धरायची असते. सात, एक, सहा. चौदा. तिने पुन्हा मोजलं, बोटाच्या पेरांवर. तेरापेक्षा जास्त अक्षरं या निरोपात मावत नाहीत. मावूच शकत नाहीत, तसं ते बनवलेलंच नाही.

"काकू, तेराच बसत्यात," मागून आवाज आला. "चौदा कसं बसवलं त्यानं?"

आवाज सिद्रामप्पांचा. खर्जातला, थोडा घोगरा, तिने पन्नास वर्षं ऐकलेला. पण बोलणं त्यांचं नव्हतं. ते घरात मराठी कधी बोलले नव्हते. आणि शब्दाच्या शेवटाला असा हेल काढून, दुकानदारी लकबीत, ते कशाला बोलतील?

"काय म्हणालात?" तिने कानडीत विचारलं.

"काय न्हाय काकू. च्या टाका की जरा."

तिने मोहोळला फोन लावला. मल्लिनाथच्या बायकोनं, सिद्धेश्वरीनं, उचलला. ती आधीच रडवेली होती. कालपास्नं बोलंनात हे, म्हणाली. दुकानातनं आले ते गप्पच. तोंड उघडत्यात, नुसती हवा जातीय. डॉक्टरांनी बघितलं, ऊन लागलं असंल म्हणाले. काकू, तुमचं कालच बोलणं झालतं न्हवं का त्यांच्याशी, काय म्हणत होते?

आयुष्यभर जे असेल ते तोंडावर बोलणारी बाई. कलेक्टर आला तरी तिची जीभ अडखळली नसती. ती म्हणाली, काही नाही गं, ग्राइंडर चालू होता. ऐकू आलं नाही.

दानेश्वरी शाळेतून आली आणि तिला सासरे बोलताना सापडले. तिने आधी कपाळाला हात लावला, मग देवापुढं दिवा लावला, मग पेढे आणून सगळ्या गल्लीत वाटले. सिद्रामप्पा संध्याकाळभर बोलत होते. पाणबुडी मोटारीचं वाइंडिंग का जळतं ते सांगत होते. दानेश्वरीला ते पूनम म्हणाले, आणि ती हसून म्हणाली, अव्वा, नावं चुकायलेत अजून, पण ते येईल हळूहळू, न्हय का? पूनम ही मल्लिनाथची मुलगी. हे दानेश्वरीला माहीत नव्हतं.

नीलम्मानं पेढा हातात घेतला तो तसाच ठेवला. सून आत गेल्यावर ती खुर्चीपाशी खाली बसली आणि तिने नवऱ्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मी कोण आहे?"

"काकू," तोंड म्हणालं.

डोळे मात्र काही म्हणत नव्हते. डोळे सिद्रामप्पांचेच होते, अकरा महिने तिच्याकडे बघत आलेले तेच, आणि ते पाण्यानं भरले होते. तोंड हसत मोटारीविषयी पुढे बोलू लागलं, आणि त्याच्या वरती ते दोन डोळे, कोंडलेल्या खोलीच्या खिडकीतून कुणी बघावं तसे, तिच्याकडे बघत राहिले.

तिला एकच हवं होतं, हा माणूस पुन्हा बोलावा. हा माणूस. दुसरं कुणी त्याच्या तोंडात राहायला यावं असं तिने मागितलं नव्हतं.

६

गुरुवारी सकाळी दानेश्वरी प्रशिक्षणाला बार्शीला गेली. पहिल्या एसटीनं, सासू झोपेतून उठायच्या आतच. नीलम्मानं चहा पाजला, आंघोळ घातली आणि मग सेटला हात घातला. अँटेनाची वायर पिळून काढली. वीजपुरवठ्याचा प्लग ओढला. आपण केलेली केबल कात्रीनं मधोमध कापली. लॅपटॉप तेवढा उघडा ठेवला. काही येत नाही याची खात्री करून घ्यायची होती तिला. नुसत्या मानण्यावर तिचा कधी विश्वास नव्हता.

सिद्रामप्पांना तिने मुद्दाम जवळ ठेवलं, नजरेआड नको म्हणून. सकाळपासून त्यांचं तोंड गप्प होतं. पंखा आज बंद केला नाही, फिरू दिला. तीन वाजले.

पडद्यावर काळोख. एक रेष नाही. तिने श्वास सोडला, आणि त्याच वेळी चौकटीत ओळ उमटली.

BARTINI MK77WP

ही शेवटची दोन अक्षरं तिला पाठ होती. त्यांत हा वॉर्ड येतो, ही गल्ली, हे घर.

खाली लोखंडी जिना वाजला. ठण्.

ऊन, ती म्हणाली. लोखंड तापतं, फुगतं, वाजतं. रोज वाजतं. खरं होतं ते, उन्हाळ्यात जिना वाजायचाच, पण उगाच, कधीही, कसाही. तिने घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाटा फिरला. अर्धं मिनिट. ठण्. पुन्हा अर्धं मिनिट. ठण्. घड्याळ लावून ऊन तापत नाही.

चौदा पायऱ्या होत्या जिन्याला, आणि चाळीस वर्षांत प्रत्येकीचा आवाज तिच्या कानाला ओळखीचा झाला होता. ही पहिली पायरी होती. एका पावलाचा भार तिच्यावर पडत होता, आणि मधल्या पंधरा सेकंदांत कुणीतरी गप्प राहून ऐकत होतं. पाळी आपली होती.

सिद्रामप्पांचे ओठ हलले.

नीलम्मा उठली, दोन पावलांत खुर्चीपाशी पोचली आणि तिने आपला उजवा तळवा त्यांच्या तोंडावर घट्ट दाबला. अकरा महिने ज्या तोंडातून एक शब्द यावा म्हणून तिने देव सोडला तर सगळ्यांशी भांडण केलं, ते तोंड. तळव्याखाली ओठांची धडपड चालू होती, ओला गरम श्वास बोटांतून येत होता. तिने दुसऱ्या हातानं त्यांचं डोकं पोटाशी धरलं.

ठण्. पहिलीच पायरी.

ठण्. पहिलीच.

सव्वातीन झाले. साडेतीन. हात भरून आला, घाम कोपरावरून गळू लागला, पण तिने तळवा तसूभर हलवला नाही. जिना अर्ध्या मिनिटाला वाजत होता आणि पुढे सरकत नव्हता. उत्तर नाही तर पाऊल नाही, हे तिचं तिनेच शोधलेलं होतं. बसेन अशीच, ती मनात म्हणाली. रात्रभर बसेन. बघू कोण दमतं ते. ओठांची धडपडही आता मंदावली होती. सिद्रामप्पांनी डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत आज भीती नव्हती. ड्युटीवरून उशिरा येऊन ताटावर बसले की बघायचे, तसं बघितलं त्यांनी. तिला वाटलं, जमलं आपल्याला. तिला जरा हसूही आलं.

तेवढ्यात जिन्याच्या खालून, चपला घालत घालत हाक मारावी तशी, रोजची, घाईतली हाक आली.

"अव्वा, बर्तीनि."

"बा," नीलम्मा म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला आठवलं की दानेश्वरी बार्शीला आहे.

दुसरी पायरी वाजली. तिसरी. आता अर्ध्या मिनिटाची वाट बघणं नव्हतं. पाचवी, सहावी, चढण ओळखीची असल्यासारखी, धाप न लागता. लॅपटॉपच्या चौकटीत काहीच नव्हतं, ओळ थांबली होती. दहावी. बारावी. दाराच्या पडद्याखाली वीतभर फट होती आणि तिथून दुपारचं ऊन फरशीवर पडायचं. ते ऊन एका कडेनं आत ओढल्यासारखं कमी होत गेलं.

तिला नवऱ्याला धीर द्यायचा होता. काय म्हणायचं तेही तिच्या तोंडात तयार होतं. तिने तोंड उघडलं. हवा गेली. तिने गळ्याला हात लावला आणि पुन्हा, सगळा जोर काढून, उघडलं.

तळवा सुटला होता. सिद्रामप्पांचे ओठ हलले, आणि त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात, पण तिच्याच ठसक्यात, एकही अक्षर न अडखळता शब्द आले.

"अहो, भिऊ नका. मी आहे की हितं."